पळीभर तीर्थ, तीन सिलिंडर

कमलाकाकू गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि केसांना रंग लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. म्हणजे शिकायचं वय केव्हाच मागे पडलेलं. पण घरात माणसं दोघंच. मुलगा शौनक पुण्याला नोकरीत. यजमानांच्या, म्हणजे अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेचं दिसायचं कमी होत होत शेवटी समोरचा रस्ताही त्यांना नळीतून पाहिल्यासारखा दिसायला लागला. नेवऱ्याच्या बाजारातून येताना एके दिवशी त्यांनी गाडी सरळ घराच्या कुंपणाला, चिऱ्यांच्या गडग्याला घासली. उतरले, चिऱ्यावर उमटलेला लाल रंग बोटांनी चाचपला आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"आता तू," म्हणाले.

"मी काय?"

"तू शीक. मला डोळे नाहीत, तुला आहेत."

गाडी लाल, लहानशी, पेट्रोलवरची. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे, तेव्हा निवृत्तीच्या बेतात घेतलेली. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पोथी वाचावी तसं वाचलं होतं आणि जवळजवळ सगळं तोंडपाठ केलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलवाला कमलाकाकूंना स्टिअरिंग आणि क्लच शिकवी. बाकीचं अण्णा संध्याकाळी पडवीत बसून शिकवत.

"सातशे शहाण्णव सीसी. म्हणजे आठशेला चार कमी. तीन सिलिंडर, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. म्हण."

"सीसी म्हणजे काय हो?"

"आत जागा किती त्याचं माप. एकेक सिलिंडर म्हणजे साधारण तुझं ते मोठं फुलपात्र."

काकूंनी हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं. "तीन फुलपात्रांवर आपण रत्नागिरीला जातो?"

"तीन फुलपात्रांवर. म्हणून तर जपायचं."

मग कमलाकाकूंनी लहानपणी स्तोत्रं पाठ केली होती तशीच ही माहितीही चालीवर पाठ करून टाकली. इंजिन ऑइल वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते. टायमिंग बेल्ट लाखाला. एअर फिल्टर आपल्या लाल मातीत लवकर भरतो, तो मधूनमधून झटकायचा. तीन सिलिंडरची गाडी उभी असताना जरा थरथरते, तो तिचा स्वभाव, घाबरायचं नाही. गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हात भाजेल. भाकऱ्या थापतानासुद्धा त्यांच्या तोंडात हेच चालू असे. शेजारची जनी, जी त्यांच्या बागेत कामाला येते, ती एकदा ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, ह्या नव्या देवाची आरती कुठली?"

पहिल्यांदा एकटीच्या जबाबदारीवर गाडी बाहेर काढायची त्या दिवशी काकू पहाटेपासून क्लच, ब्रेक घोकत होत्या. अण्णांना रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पूजा अण्णाच करत; दिसत नसलं तरी हाताला सगळं ठाऊक. सहाणेवर चंदन उगाळायचं, देवांना स्नान घालायचं, गंधाचं बोट नेमकं देवाच्या कपाळी टेकवायचं. काकू फुलं हातात देत आणि मागचं आवरत. देवाच्या स्नानाचं पाणी पायदळी येऊ द्यायचं नाही, हे घरातलं वळण. ताम्हण अंगणात न्यायचं आणि तुळशीत रिकामं करायचं. त्या दिवशी गाडी वृंदावनाला लागूनच उभी होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने आदल्या आठवड्यात बॉनेट उघडून दाखवलं होतं, ही पांढरी बाटली, हिच्यात पाणी कमी होता कामा नये. काकूंनी बॉनेट उघडलं, बाटलीचं झाकण काढलं, आणि ताम्हणातलं पळीभर तीर्थ आत सोडलं.

"तूच सांभाळ," एवढंच म्हणाल्या. इथे तर कुणाचा पाय पडायचा प्रश्नच नव्हता.

गाडी गेली, आली, कुठे लागली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळीभर. मग तो नेमच झाला. कुणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? आपण रोज सकाळी दाराला रांगोळी घालतो, ते कुठे कुणाला सांगतो?

वर्षं गेली. कमलाकाकूंची गाडी त्या पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीची झाली. चतुर्थीला त्या जनीला मागे बसवून गणपतीपुळ्याला जात. महिन्याकाठी अण्णांना डोळ्यांतलं प्रेशर तपासायला रत्नागिरीला. मधल्या दिवशी कुणाच्या बारशाला, कुणाला भेटायला, कधी नुसतं मालगुंडला जाऊन चांगले पोहे मिळतात म्हणून पोहे आणायला. एसटीचा ड्रायव्हर वळणावर त्यांना वाट देई आणि हात करी. अण्णा शेजारी बसून वरची कडी घट्ट धरून ठेवत आणि आवाजावरून सूचना देत. "गिअर बदल. ती ओरडत्ये, ऐकू येत नाही का?"

"मला ऐकू येतंय. तुमचंसुद्धा."

यंदाच्या मे महिन्यात मात्र गाडीचं काहीतरी बिनसलं. रत्नागिरीच्या वाटेवर आरे-वारेचा चढ चढताना तापमानाचा काटा, जो एरवी निम्म्याच्या जरा खाली गुमान बसलेला असायचा, तो वर सरकायला लागला. माथ्यावर पोचेपर्यंत लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ आली. काकूंनी गाडी कडेला घेतली. समुद्राचे फोटो काढणारी पर्यटक मंडळी वळून यांचे फोटो काढायला लागली. एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. काकू म्हणाल्या, "नको हो बाळ, तापलेल्यावर झाकण उघडायचं नसतं." आणि दोघं नवराबायको उन्हात दगडावर बसून राहिली, गाडी निवेपर्यंत.

गॅरेज दीपकचं. बसणी गावाच्या पुढे पत्र्याची शेड, समोर टायरांची रास. दीपक मुंबईत काम शिकून आलेला, हाताला चपळ आणि तोंडाने त्याहून. "काकू, रेडिएटरच्या पंख्याची मोटर. शंभर टक्के मोटर." अण्णांचंही तेच मत पडलं. मोटर बदलली. पुन्हा वारेच्या चढावर वाफ. "मग पंख्याचा स्विच. मी बोललो होतो ना?" तो असं काही बोललेला नव्हता. स्विच बदलला. त्यानंतरच्या खेपेला गाडी माथ्यापर्यंतसुद्धा पोचली नाही, आणि ती निवेस्तोवर डोळ्यांचे डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेले. पुढची वेळ मिळाली ती लांबची. त्या दिवशी परतताना अण्णा एक शब्द बोलले नाहीत, गिअरबद्दलसुद्धा नाही.

ही बातमी पुण्याला पोचायला कितीसा वेळ. शौनक शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघाला आणि सकाळी चहाच्या वेळेला पडवीत हजर झाला.

"आई, गाडी विकू या," तो बशीत चहा ओतता ओतता म्हणाला. "रत्नागिरीतलं गिऱ्हाईक आहे, मुलाला हात बसवायला हवी आहे त्यांना. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलंय. पंधरा वर्षं पुरी होत आली, पुन्हा पासिंगचं लफडं आहेच."

"इंजिन ठणठणीत आहे," अण्णा म्हणाले. "ऑइल खात नाही, धूर टाकत नाही. सेल मारला की पहिल्या हाकेला चालू."

"अण्णा, इंजिन ठणठणीत आहे आणि तुम्ही दोघं भर उन्हात दगडावर बसता. मला तिथे काय वाटतं? तुमच्या डोळ्यांची तारीख चुकली. ती चुकता कामा नये, हे तुम्हीच मला सांगितलंत."

त्याचं खोटं नव्हतं. काकूंनी विचारलं, "ह्यांना मग कोण नेईल?"

"रिक्षा ठरवून देतो. दारात येईल."

"आणि मला?"

"तुला कुठे जायचंय?"

कुठे जायचंय म्हणून थोडंच माणूस जातं? रिक्षावाल्याला काय सांगायचं, मालगुंडला ने, पोहे बरे मिळतात? किल्ली खुंटीला असते, मनात येतं, पदर खोचून माणूस निघतं. आयुष्यभर कुणीतरी नेलं तर जायचं, आणलं तर यायचं. आता कुठे चार वर्षं स्वतः निघायला मिळालं होतं. हे सगळं त्यांच्या ओठांशी आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "आज दीपककडे शेवटचं दाखवू. उद्या मी वारेचा चढ चढून दाखवते. काटा निम्म्याच्या वर गेला तर तू म्हणशील तसं."

"चौघं बसून," शौनक म्हणाला. "आणि एसी लावून. नाहीतर तू रिकामी गाडी सावकाश नेशील, मी ओळखतो तुला."

"चौघं बसून," काकू म्हणाल्या. "एसी लावून."

दीपककडे तिघंही गेली. इंजिन पूर्ण निवल्यावर दीपकने, इतक्या खेपांत पहिल्यांदाच, रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाहिलं. मग वाकून वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"काकू, हा वास कसला? देवळात आल्यासारखं वाटतंय."

झाकणाच्या आतल्या बाजूला तांबूस पिवळा लगदा बसला होता. दीपकने पांढरी बाटली सोडवून उजेडात धरली आणि लांब चिमट्याने आतून काहीतरी काढलं. काळं पडलेलं, पण ओळखू येण्यासारखं तुळशीचं पान. शौनकने पानाकडे पाहिलं, मग आईकडे.

"तीर्थ आहे ते," कमलाकाकू म्हणाल्या. "रोज घालते मी. पळीभर."

मग दीपक कपाळाला हात लावून खाली स्टुलावर बसला. "तरीच बाटली कायम फुल्ल. मला वाटायचं काकूंचं काय लक्ष आहे बघा. बाटली फुल्ल म्हणून मी झाकण कधी काढलंच नाय."

"त्यात वाईट काय? पाणीच तर आहे. आमच्या विहिरीचं, नितळ."

"काकू, त्यात पाणी घालायचं नसतं नुसतं. हिरवं कूलंट असतं. ते लवकर उकळत नाय, आत गंज धरू देत नाय. तुम्ही रोज पळीभर घालणार, जास्तीचं खालून ओघळणार. गाडी निवते तेव्हा बाटलीतलं आत ओढून घेते. असं करत सगळं कूलंट गेलं आणि राहिलं विहिरीचं पाणी नि चंदन." त्याने करंगळीचं टोक दाखवलं. "रेडिएटरच्या नळ्या ह्याच्याहून बारीक, चपट्या. चोंदल्या सगळ्या. पाणी फिरायला वाट नाय, मग इंजिन तापणार नाय तर काय करणार?"

कमलाकाकूंचा चेहरा उतरला. आपलं चुकलं याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून निराळंच काहीतरी आत टोचत होतं. जे देवाच्या अंगावरून आलं, ज्याच्या भरवशावर आपण वळणं घेतली, त्यानेच गाडीचा गळा धरला होता.

टायरावर बसलेले अण्णा इतका वेळ मान खाली घालून ऐकत होते. ते म्हणाले, "चंदन मी उगाळलेलं आहे."

"अहो, तुमचा काय संबंध?"

"दाट उगाळतो मी. दिसत नाही ना, म्हणून दाटच बरं असं वाटतं. आणि पुस्तकातलं सगळं तुला पाठ करायला लावलं, कूलंटचं पान तेवढं राहिलं. ते मी स्वतः बघायचो, म्हणून सांगायचं सुचलंच नाही."

शौनकला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण दीपककडे पाहिलं आणि दोघांचंही आवरेना. शेवटी काकूसुद्धा पदराआड हसल्या. "हसा, हसा. देवाला सांगते सगळ्यांची नावं."

दीपकने खालचा पाइप सोडवला आणि गढूळ पाणी शेडच्या जमिनीवर धावायला लागलं तशा त्या एकदम पुढे झाल्या. "अरे, खाली नको. पाय पडतील."

दीपकने बादली लावली. बादली भरली. आता ती ओतायची कुठे? काकू म्हणाल्या, घरी नेऊन तुळशीत घालते. शौनक म्हणाला, "आई, त्यात थोडं का होईना जुनं कूलंट असणार. विषारी असतं ते. तुळस जळेल, मांजर प्यायलं तर मरेल."

मग त्याने दीपककडची पहार घेतली. शेडच्या मागे, गडग्याच्या कोपऱ्यात, जिथून कुणाची वाट नाही अशा जागी तो खड्डा खणायला लागला. कातळाची जमीन, पहार खणखणत होती. ऑफिसात बसणाऱ्या हातांना लगेच फोड आले. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा त्याने बादली आत ओतली, जनावरांनी चाटू नये म्हणून वर माती ओढली, आणि मातीवर चिरा ठेवला. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मातीला हात लावून तो कपाळी नेला. शौनक हात झटकून पाण्याचा पाइप धरायला दीपककडे गेला.

दुपारभर दोघांनी रेडिएटर उलट बाजूने धुतला. आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग पिवळं, मग कधीतरी स्वच्छ. नवीन हिरवं कूलंट भरलं. दीपकने हात पुसले. "खात्री नाय देत, शौनकदादा. इतकं तापतापून इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, हेड गॅस्केट, गेलं असेल तर ह्या सगळ्याचा काय उपयोग नाय. उद्या चढावरच कळेल. आणि काकू, देवाचं काय असेल ते आता बाहेरून."

रविवारी दुपारी निघाले. अण्णा पुढे, मागे शौनक आणि जनी. शौनक दोन सीटांच्या मधून काट्यावर डोळा ठेवून वाकून बसला होता.

"वयनी, मला वजनालाच घेतलात ना?" जनी म्हणाली. "भाताची गोण घेतली असतीत."

"गोण गप्प बसली असती," शौनक म्हणाला.

"बघा, पुण्याला जाऊन बोलायला शिकला."

चढ लागला. काकूंनी दुसरा गिअर टाकला. एसीचा बोजा इंजिनला जाणवत होता. तीन फुलपात्रं जिवाच्या आकांताने चौघांना वर ओढत होती. उजव्या हाताला खाली समुद्र पसरत गेला, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. काटा नेहमीच्या जागी होता. पहिल्या वळणानंतर तो केसभर हलला. मनातल्या मनात काकूंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच, का कोण जाणे, सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर असं म्हणायला लागल्या.

काटा निम्म्याला टेकला.

"आई," शौनक हळूच म्हणाला.

"मला दिसतंय."

जनीसुद्धा काट्याकडे वाकली. तेवढ्यात अण्णांनी मान तिरकी केली. "पंखा," ते म्हणाले. "मोठा लागला. ऐका." बॉनेटखालून घूं करून आवाज येत होता. अण्णांनी डोळे मिटले होते. तसेही ते उघडे असून त्यांना काटा दिसला नसताच. "आता थांब जरा. आता उतरेल."

काटा तिथेच थरथरत राहिला. मग जसा वर आला होता तसाच, कुणाला न दुखावता खाली सरकला आणि आपल्या जागी जाऊन बसला. पुढच्या वळणाला पुन्हा थोडा वर, पुन्हा पंखा, पुन्हा खाली. निम्म्याच्या वर तो गेला नाही.

माथ्यावर पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या. कमलाकाकू जिथे दर खेपेला थांबत तो दगड डाव्या हाताला आला.

"घे ना बाजूला," शौनक म्हणाला. "समुद्र बघू जरा."

"आज नाही थांबायचं. ह्या दगडावर फार बसल्ये मी." आणि त्यांनी गाडी तशीच उताराला घातली.

शौनकने खिशातून फोन काढला. "हां, मी शौनक. ते गाडीचं सांगायचं होतं. नाही, विकायची नाही आहे. नाही हो, भाव चांगला होता तुमचा. चालवणारी आहे घरात."

अण्णांनी वरच्या कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "गिअर बदल," ते म्हणाले. "ती ओरडत्ये."

दुसऱ्या दिवशी शौनक पुण्याला गेला. पूजा झाली. काकूंनी ताम्हण उचललं, अंगणात आल्या आणि सगळं तीर्थ तुळशीत रिकामं केलं, शेवटच्या थेंबापर्यंत. हात पदराला पुसला, बॉनेट उघडलं आणि बाटलीकडे निरखून पाहिलं.

"किती आहे?" अण्णांनी पडवीतून विचारलं.

"दोन रेघांच्या मधे. हिरवंगार."

"मग झाकण लाव."

काकूंनी बॉनेट खाली घेतलं. मग आत जाऊन सहाणेवरचं उरलेलं गंध बोटावर घेऊन आल्या आणि लाल पत्र्यावर, बाहेरून, एक ठिपका लावला. गंध दाटच होतं. किल्ली खुंटीवरून काढून घेतली होतीच. मालगुंडला पोहे आणायचे होते.